फोसोबत येणाऱ्या त्या पाल्याच्या ताटलीचं नेमकं करायचं काय?

निमूट

नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध आहे. हसणार असाल तर आधी हसून घ्या आणि मग उत्तर द्या.

सॅन होजेत राहायला येऊन मला तीन वर्षं झाली. घरापासून चालत दहा मिनिटांवर, स्टोरी रोडच्या थोडं अलीकडे, एक लॉन्ड्री आणि नखं रंगवायचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात एक व्हिएतनामी हॉटेल आहे. बारा-चौदा टेबलं, भिंतीवर हालाँग उपसागराचा फोटो, आवाज बंद केलेला टीव्ही. दाराशी जमिनीवरच एक लाल देव्हारा. त्यातल्या हसऱ्या, ढेरपोट्या देवापुढे संत्री ठेवलेली असतात आणि कधीकधी चक्क काळ्या कॉफीचा पेला. टेबलावर चॉपस्टिक्स आणि चमचे खोचलेला डबा, चार-पाच बाटल्या. मेनूत प्रत्येक पदार्थाला नंबर. मी तीन वर्षं एकच नंबर सांगतोय: बीफचा फो, म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या नूडल्सचा वाडगा.

वाडग्याच्या आधी एक ताटली येते. मुगाचे लांब मोड, जांभळ्या देठाची तुळस, करवतीसारख्या कडांची लांबट पानं, लिंबाची फोड, हिरव्या मिरचीच्या चकत्या. माझी रीत अशी: वाडगा समोर आला की ताटली आख्खी उपडी करायची, मग लाल बाटली (तिखट सॉस), मग काळी बाटली (गोड सॉस), ढवळायचं आणि तुटून पडायचं. रस्सा चॉकलेटी झाला म्हणजे जमलं.

गेल्या शनिवारी काळी बाटली उचलली आणि काउंटरवरच्या आजी (एरवी त्या जागच्या हलत नाहीत) उठून आल्या. माझ्या हातातली बाटली काढून घेतली, चिनी मातीचा चमचा हातात दिला आणि म्हणाल्या, "फर्स्ट, सूप." म्हणून गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या. मी दोन चमचे प्यालो. मग गेल्या.

खरं सांगतो, लाज वाटली. तीन वर्षांत ते सूप मी एकदाही नुसतं चाखलं नव्हतं. आधी जिभेवर जवळजवळ काहीच लागत नाही. मग हलकी गोडी. मग कुठूनतरी करपवलेल्या आल्याचा वास येतो, आणि गिळून झाल्यावर घशात दालचिनी राहते.

गंमत पुढेच आहे. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे व्हिएतनामी गृहस्थ बसले होते. त्यांनी वाडगा येताच ताटली उपडी केली, लाल ओतलं, काळं ओतलं, ढवळलं. म्हणजे हुबेहूब मी! आजींनी बघितलं आणि गप्प बसल्या.

तर प्रश्न दोन. ताटली वापरायची की नाही? आणि त्यांना माफी, मग मलाच का नाही?

रिकामटेकडा

पहिला!

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ते टिप देत असतील. पहिल्यावर पब्लिक भांडेल, मी पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

आडवाटेचा

कामानिमित्त हनोईत दोन वर्षं काढली आहेत, म्हणून तोंड उघडतो.

निमूटराव, हनोईत तुमची ही ताटली येतच नाही. तिकडे फो हा मुळात सकाळचा खाऊ. साडेसहाला गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचं, वाडग्यात रुंद पट्ट्यांच्या नूडल्स, वर पातीच्या कांद्याचा आणि कोथिंबिरीचा ढीग. टेबलावर लसूण आणि मिरची घातलेलं व्हिनेगर, तिखट सॉस, आणि एका टोपलीत 'क्वाय' म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, रश्शात बुडवून खायला. बास. काळा गोड सॉस नाही, मोड नाहीत, तुळस नाही.

पहिल्या आठवड्यात मी एका गाडीवर मोड मागितले होते, खुणा करून. बाईंनी मागच्या गिऱ्हाइकाकडे बघून काहीतरी म्हटलं आणि आख्खी रांग हसली. काय म्हटलं ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

फो मूळचा उत्तरेचा, नाम दिन्ह प्रांत आणि हनोईचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खांद्यावर कावड घेऊन फेरीवाले विकायचे. कावडीच्या एका बाजूला चूल आणि रश्शाचं भांडं, दुसऱ्या बाजूला नूडल्स आणि वाडगे. ताटली हे सगळं दक्षिणेचं नंतरचं प्रकरण. तेव्हा माझं मत विचाराल तर ताटली बाजूला सारा. आजी बरोबर आहेत.

सईबाई

वाचतेय. माझा अगदीच मूलभूत प्रश्न: बीफ न खाणाऱ्यांनी आणि शुद्ध शाकाहाऱ्यांनी या हॉटेलात काय करायचं? ऑफिसचा ग्रुप दर महिन्याला तिथेच जातो आणि मी दर महिन्याला स्प्रिंग रोल खाऊन परत येते.

चित्रलिपी

सईताई, दोन शब्द पाठ करा. 'गा' म्हणजे कोंबडी, आणि 'चै' म्हणजे शाकाहारी (लिहितात चाय, पण त्यात चहा नसतो. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा साखर मागितली होती).

फो गा हा कोंबडीचा फो. चांगल्या हॉटेलात त्याचं पातेलं वेगळं असतं, पण काही ठिकाणी बीफच्याच रश्शात कोंबडीचे तुकडे टाकून देतात. म्हणून मांस कुठलं हे न विचारता सूप कशाचं आहे ते विचारायचं. फो चैच्या बाबतीत तर हे दुप्पट लागू. वर टोफू आणि ब्रोकोली असली तरी खाली हाडांचा रस्सा असू शकतो, आणि फिश सॉस तर कुठेही असतो. खात्रीचं हवं असेल तर पाटीवरच 'चै' लिहिलेली हॉटेलं शोधा. ती बौद्ध शाकाहारी असतात. मुळा, गाजर, मशरूम यांचा रस्सा, फिश सॉसऐवजी सोया. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला, एरवी मांस खाणारी पुष्कळ व्हिएतनामी माणसंही चै पाळतात. त्या दिवशी तिथे टेबल मिळणार नाही. कडक पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य करतात.

अजून एक. ती करवतीच्या कडांची पानं आहेत ना, त्यांचं नाव 'न्गॉ गाय'. घाबरू नका, यातला गाय म्हणजे काटा. काटेरी कोथिंबीर. वास कोथिंबिरीचाच, पण आवाज चढवून बोलल्यासारखा. तोडून घालायची, आख्खी नाही.

रिकामटेकडा

काटेरी गाय. आजचा दिवस सार्थकी लागला.

आता कुणीतरी उच्चाराचा तास घ्या. माझा टीम लीड 'फो' म्हटलं की तोंड वाकडं करतो.

चित्रलिपी

घेते की. हक्काचा विषय.

'फो' हे आपण लिहायच्या सोयीसाठी लिहितो. तो स्वर ओ नाही, आपल्या 'अ'च्या खूप जवळचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जमत नाही, आपल्याला फुकट मिळालाय, तरी आपण त्यांच्या मागे 'फो' म्हणत जातो. 'फ' म्हणा आणि अ थोडा लांबवा: फऽ. आता रोमन लिपीत त्या अक्षराच्या डोक्यावर ठिपका नसलेलं प्रश्नचिन्ह असतं बघा. त्या सुराचं नावच 'हॉय', म्हणजे विचारणे. दक्षिणेकडचे लोक तो आवाज खाली नेऊन वर उचलतात, आपण खात्री करायला विचारतो तसा. "फऽ?" झालं.

ओ लावून वर चढवलात तर होतो 'फोऽ', आणि त्याचा अर्थ रस्ता.

रिकामटेकडा

म्हणजे निमूटराव तीन वर्षं "एक मोठा रस्ता द्या, बीफ घालून" म्हणतायत! हसून हसून पुरेवाट.

निमूट

मी नंबर सांगतो हो. मेनूला नंबर असतात. वर वाचा.

चित्रलिपी

अवांतर, पण राहवत नाही. व्हिएतनामी बोलीत 'भात' म्हणजे घरची बायको आणि 'फो' म्हणजे बाहेरचं प्रकरण. "भाताला कंटाळला, फोची भूक लागली" असं म्हणतात. तेव्हा ऑफिसात फार उत्साहाने "मला रोज फो लागतो" सांगू नका.

जुनाजाणता

आडवाटेचा यांच्याशी वाद घालायचा नाही, पण 'मूळचा' या शब्दाशी घालायचा आहे. या खाडीकाठच्या गावांत माझी पस्तीस वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी दुपारची जेवणं असल्याच हॉटेलांत. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

फ्रेंच येईपर्यंत व्हिएतनाममध्ये बैल आणि रेडे नांगराला होते, खायला फारसे नव्हते. फ्रेंचांना बीफ लागायचं. चांगला भाग त्यांच्या ताटात, हाडं आणि कडेचे तुकडे उरायचे. ते कोण घेणार? चिनी आणि व्हिएतनामी फेरीवाले. नाम दिन्हला सूतगिरणी होती, कामगार होते, पहाटे गरम आणि स्वस्त काहीतरी हवं होतं. नावाबद्दल दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, 'पो-तो-फ' नावाचा फ्रेंच बीफचा रस्सा असतो, त्यातल्या शेवटच्या 'फ'वरून. दुसरा म्हणतो, चिनी फेरीवाले तांदळाच्या नूडल्सना 'फन' म्हणत ओरडायचे, त्यावरून. मला दुसरा पटतो, कारण पदार्थात नूडल्स आहेत आणि पो-तो-फमध्ये त्या नाहीत. मात्र पो-तो-फमध्ये कांदा करपवून घालतात आणि फोमध्येही घालतात, हे पहिल्या पक्षाचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. थोडक्यात, तुमचा 'मूळ' फोसुद्धा तीन घरचा पाहुणा आहे.

आता ताटली. १९५४ साली जिनिव्हा करार झाला आणि सतराव्या अक्षांशावर देश तोडला. कम्युनिस्ट उत्तरेतून आठ लाखांहून जास्त माणसं दक्षिणेला गेली, बरेच कॅथलिक, पुष्कळसे हायफाँग बंदरातून जहाजांनी. त्यांच्यासोबत फो सायगॉनला आला. फो तिथे आधी अगदीच नव्हता असं नाही, पण या लोकांनी तो गल्लोगल्ली नेला. दक्षिणेत मेकाँगचा गाळ, बारमाही हिरवा पाला, आणि गोडाची आवड. मोड आले, तुळस आली, लिंबू आलं, रश्शात खडीसाखर वाढली, काळा गोड सॉस, होइसिन, टेबलावर आला. नूडल्स बारीक झाल्या.

मग ३० एप्रिल १९७५ ला सायगॉन, म्हणजे दक्षिणेची राजधानी, उत्तरेच्या हाती पडलं. त्या एका वर्षात सव्वा लाखाच्या वर निर्वासित अमेरिकेत आले, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं बोटींनी, छावण्यांतून येतच राहिले. बहुतेक दक्षिणेचे. म्हणून अमेरिकेत तुम्ही जो फो खाता तो सायगॉनचा असतो. सॅन होजेत आज लाखाच्या वर व्हिएतनामी वंशाची माणसं राहतात. त्यांच्यासाठी ती ताटली म्हणजे नंतरचं प्रकरण नव्हे, त्यांच्या आईच्या हातचा फो असाच होता.

आणि हो, हॉटेलांच्या नावातले आकडे बघत जा. ५४, ७५, ७९ असे काही दिसले तर ते बरेचदा साल असतं. कुणी निघालं ते साल, कुणी पोचलं ते साल, कुणी दुकान उघडलं ते.

आडवाटेचा

मान्य. 'मूळचा' मागे घेतो, निदान अर्धा.

भर एवढीच की उत्तरेतला साधेपणा हा सगळा हौसेचा नाही. युद्धाच्या काळात आणि नंतर रेशनच्या वर्षांत हनोईत सरकारी फोची दुकानं होती, कूपन घेऊन रांग लावायची. मांस बहुतेक नसायचंच. त्याच सुमाराला अमेरिकेची बिनवैमानिकाची टेहळणी विमानं डोक्यावरून जायची, म्हणून लोकांनी त्या वाडग्याला नाव ठेवलं 'चालकाविना फो'. आमच्या हनोईच्या ऑफिसातले एक वयस्कर सहकारी अजूनही मांस कमी आलं की वाडग्यात वाकून बघत विचारायचे, "पायलट कुठाय?"

लुटुपुटू

भारी धागा! माझ्याकडूनही दोन.

सायगॉनमध्ये 'फो बिन्ह' नावाचं छोटं हॉटेल होतं, बिन्ह म्हणजे शांतता. खाली अमेरिकन सैनिक येऊन फो खायचे आणि वरच्या मजल्यावर १९६८ च्या टेट (व्हिएतनामी नववर्ष) हल्ल्याची सायगॉनमधली आखणी चालू होती. हॉटेलमालकच व्हिएतकाँगचा, म्हणजे अमेरिकेशी लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांचा माणूस.

दुसरं त्या लाल बाटलीबद्दल, कोंबड्याचं चित्र असलेल्या. श्रीराचा हे थायलंडमधल्या एका गावाचं नाव, पण ही बाटली लॉस एंजेलिसची. डेव्हिड ट्रॅन नावाचे निर्वासित 'हुई फाँग' नावाच्या मालवाहू जहाजातून व्हिएतनाम सोडून निघाले, १९८० मध्ये त्यांनी इथे सॉसचा धंदा काढला आणि कंपनीला त्या जहाजाचंच नाव दिलं. कोंबडा, कारण त्यांचा जन्म चिनी राशीचक्रातल्या कोंबड्याच्या वर्षातला, १९४५.

धुरकट

माझं दुःख कुठे मांडू कळत नव्हतं, हा धागा दिसला.

मागच्या लॉंग वीकेंडला घरी फो करायचा घाट घातला. हाडं आणली, थेट पाण्यात टाकली, आच मोठी केली, झाकण ठेवलं. कांदा आणि आलं गॅसवर काळं करायचं म्हणून जाळीवर ठेवलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. धुराचा अलार्म, शेजारीण दारात, मुलगा स्टुलावर चढून टॉवेल हलवतोय. नेहमीचंच. चक्रीफुलं आठ टाकली, कारण पाकिटात तेवढीच उरली होती. सहा तासांनी जे झालं त्याचा रंग नाल्याचा आणि वास खोकल्याच्या औषधाचा.

मग दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसातल्या व्हिएतनामी मैत्रिणीने पंधरा मिनिटं माझी शाळा घेतली. ते इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. हाडं आधी वेगळ्या पाण्यात खळखळून उकळायची, पाच-दहा मिनिटं, फेस येईल तो येऊ द्यायचा, आणि ते सगळं पाणी फेकून द्यायचं. हाडं नळाखाली घासून धुवायची, भांडंसुद्धा. मग नवीन गार पाणी. त्यानंतर रस्सा कधीही खळखळू द्यायचा नाही, नुसता एखादा बुडबुडा वर यावा इतपत आच, झाकण नाही. उकळलं की चरबी आणि चुरा पाण्यात फेटला जातो आणि मग तो गढूळपणा जात नाही. कांदा-आलं करपवायचं आणि वरची काळी साल काढून टाकायची. मी सालीसकट टाकलं होतं. मसाले म्हणजे चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे, आणि एक धुरकट वासाची मोठी वेलची, तिला 'थाओ क्वा' म्हणतात. ते कोरडे भाजून फडक्यात बांधायचे आणि शेवटच्या तास-दीड तासालाच सोडायचे. चार जणांच्या भांड्याला चक्रीफुलं तीन पुष्कळ झाली. फिश सॉस आणि खडीसाखर सगळ्यात शेवटी.

तिचं शेवटचं वाक्य: "वास आला पाहिजे, मसाला कळता कामा नये."

दुसरा प्रयत्न जमला. पूर्ण रविवार गेला आणि चार वाडगे झाले. हॉटेलात तोच पंधरा-सोळा डॉलरला मिळतो. त्या किमतीबद्दल मी परत तोंड उघडणार नाही.

रिकामटेकडा

आणि अजिनोमोटो? त्याचं कुणीच काही बोलत नाहीये. हॉटेलातला फो खाल्ला की मला संध्याकाळपर्यंत तहान लागते.

आडवाटेचा

असतो. हनोईतही असतो, इथेही असतो, लपवायचं काही नाही. तहान लागते ती रश्शातल्या आणि फिश सॉसच्या मिठाने, आणि त्यावर तुम्ही लाल-काळं ओतता त्यानेही. सगळा रस्सा प्यायलाच पाहिजे असा नियम नाही.

सईबाई

चित्रलिपी, धन्यवाद! काल ग्रुपबरोबर गेले होते. "सूप कशाचं?" विचारलं. पोऱ्या आत जाऊन विचारून आला, "व्हेजिटेबल, बट फिश सॉस." म्हटलं, बिनाफिश सॉस. परत आत गेला. आतून कुणीतरी हसलं. पण आला बाबा माझा वाडगा, आणि मी ताटली आख्खी उपडी केली. मला कुणी काही बोललं नाही.

जुनाजाणता

सईबाई, शाकाहारी रस्सा जरा अबोल असतो, त्याला पाल्याची सोबत लागते. योग्यच केलंत.

निमूटराव, पहिल्या प्रश्नाचं व्यवहारातलं उत्तर देऊन टाकतो. आधी तीन-चार चमचे नुसते. मग मोड घालायचे असतील तर चॉपस्टिक्सने नूडल्स उचलून त्यांच्या खाली दाबायचे, वर ठेवले तर कच्चे राहतात आणि रस्सा गार करतात. मोड जास्त गार असतील तर "वाफवून द्या" म्हणायचं, हसत देतात. तुळशीची पानं देठावरून खुडून, थोडी थोडी, जेवण चालू असताना. एकदम सगळी घातली तर काळी पडतात. लिंबू अर्धं पिळून चाखायचं. लाल-काळं एका छोट्या बशीत शेजारी शेजारी घ्यायचं आणि मांसाचा तुकडा त्यात टेकवून खायचा, रस्सा तसाच राहतो. उजव्या हातात चॉपस्टिक्स, डाव्यात चमचा. चॉपस्टिक्स वाडग्यात उभ्या खोचून ठेवू नका, मेलेल्यांपुढे उदबत्ती लावतात तसं दिसतं. शेवटचा रस्सा वाडगा उचलून प्यालात तर कुणी नावं ठेवणार नाही.

आणि 'ताय' मागवत असाल, म्हणजे कच्च्या मांसाचे कागदासारखे काप, तर वाडगा आल्या आल्या ते रश्शात दाबा. ते तिथेच शिजायचे असतात. फोटो काढत बसलात तर रस्सा निवतो आणि मांस गुलाबीच राहतं. 'साक' मागवलंत तर ते जठराचं पापुद्र्यांचं अंग, शब्दाचा अर्थ पुस्तक. पानं उलटता येतात खरोखरच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आजींनाच विचारा.

निमूट

मंडळी, उशीर झाला, पण दोन आठवड्यांनी अपडेट घेऊन आलोय.

काल दुपारी गेलो. मुद्दाम गर्दी उलटल्यावर, अडीचच्या सुमाराला. नंबर सांगितला नाही. चित्रलिपींनी शिकवल्याप्रमाणे मान थोडी वाकडी करून "फऽ?" म्हटलं. पोऱ्याने वहीतून डोकं वर काढलं आणि म्हणाला, "येस, वी हॅव. व्हिच नंबर?"

असो.

वाडगा आला. आजी काउंटरवरून बघतायत हे मला पाठीला कळत होतं. चार चमचे नुसते प्यालो. पाचवाही. मग मोड नूडल्सखाली, तुळस खुडून, लिंबू अर्धं, काळं बशीत. ताय आधीच दाबून घेतलं होतं. निम्मा वाडगा झाल्यावर आजी चहाची किटली घेऊन आल्या, माझी बशी बघितली, वाडग्यातला रस्सा बघितला (अजून पारदर्शक होता, मला अभिमान वाटला) आणि चहा ओतून गेल्या. काही बोलल्या नाहीत. म्हणजे पास.

ते म्हातारे गृहस्थ त्याच टेबलावर होते. त्यांचा रस्सा केव्हाच चॉकलेटी झाला होता. बिल द्यायला गेलो तेव्हा धीर केला आणि बोट न दाखवता, भुवईनेच, त्यांच्याकडे खूण करून आजींना विचारलं, "हिम? नो सूप फर्स्ट?"

आजींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. गल्ल्यातून सुटे मोजत म्हणाल्या, "माय ब्रदर. फॉर्टी इयर आय टेल हिम."

मी हसलो. त्या नाही हसल्या. सुटे माझ्या हातात ठेवले आणि चार बोटं वर केली. "मी, हायफाँग. बिग शिप. फोर इयर ओल्ड." मग अंगठा मागे, भावाकडे. "हिम, बॉर्न सायगॉन." आणि खांदे उडवले, जणू पोरगं कुठे जन्मावं हे कुणाच्या हातात असतं.

जुनाजाणता, तुमचा प्रतिसाद मी आदल्याच रात्री परत वाचला होता, म्हणून काय ऐकलं ते तिथल्या तिथे कळलं. नाहीतर सुटे घेऊन बाहेर पडलो असतो.

जाताना आजोबांच्या टेबलावरून गेलो. त्यांनी माझ्याकडे बघून काळी बाटली थोडी उचलली, ग्लास उचलतात तशी, आणि उरलेला सॉस वाडग्यात पिळला. काउंटरकडून व्हिएतनामीत काहीतरी ओरडणं ऐकू आलं. तेवढं कळायला मला भाषा लागली नाही.